डोईवरची घागर

लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांत उन्हाळा कडक असतो. विहिरी तळ गाठतात आणि पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूर शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा दिवसांत पाणवठ्यावरून परतणाऱ्या एखाद्या बाईची चाल लक्षपूर्वक पाहावी. डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर भरलेली घागर आणि पुष्कळदा घागरीवर आणखी एक कळशी. वाट खाचखळग्यांची, तरीही पाणी हिंदकळत नाही. मान सरळ, नजर समोर, खांदे सैल. पाऊल मात्र जमीन चाचपून पडते.

याचे मर्म शरीराच्या रचनेत आहे. पाठीचा कणा मणक्यांचा बनलेला असून मान, पाठ व कंबर येथे त्याला सौम्य बाक असतो. मस्तक कण्यावर नीट तोलले गेले, की भार हाडांवरून खाली उतरतो व स्नायूंना थोडेच श्रम पडतात. ते पुढे झुकले, की तोच भार मानेच्या स्नायूंना ओढून धरावा लागतो. प्रौढ माणसाच्या मस्तकाचे वजन सुमारे ४ ते ५ किलो असते! वहीवर किंवा मोबाइलवर तासन्‌तास वाकलेल्या मुलाची मान का दुखते, ते यावरून ध्यानात येईल.

अर्थात, घागर वाहणे हा काही व्यायाम नव्हे. रोजच्या जड ओझ्याने मान व कंबर दुखू लागते. त्या बाईच्या दारी नळ यावा, हेच योग्य. तिच्यापासून घ्यायचे ते तिचे अवधान.

हे अवधान रिकाम्या डोक्यानेही शिकता येते. रिकाम्या म्हणजे ओझ्यावाचून, विचारावाचून नव्हे! बालपणी आजारांनी जर्जर झालेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास येऊन योग शिकवू लागले. त्यांच्या शिकवणीत ताडासनाला, म्हणजे नीट उभे राहण्याला, मोठे स्थान होते. दोन्ही पावलांवर सारखा भार द्यावा. श्वास घेत खांदे कानांकडे उचलावेत आणि श्वास सोडताना ते सावकाश खाली येऊ द्यावेत. स्नायू मुद्दाम आवळून पाहिला, म्हणजे तो सैल कसा सोडावा हे कळते.

आपण कोणत्या पायावर अधिक भार देतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. जुन्या चपला उलट्या करून पाहाव्यात. बहुधा एक टाच दुसरीपेक्षा अधिक झिजलेली आढळते.