खिडकीतून आलेला उजेड

विद्यार्थी मित्रांनो, चित्र पाहायला किती वेळ लागतो? तुम्ही म्हणाल, एक क्षण! पण काही चित्रे पुस्तकासारखी सावकाश वाचावी लागतात. आज आपण असेच एक चित्र वाचू या.

हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) हा चित्रकार राहत असे. त्या काळी युरोपात राजे, सरदार आणि धर्मकथा यांच्या चित्रांना मोठा मान होता. हॉलंडच्या चित्रकारांनी मात्र घरातली रोजची कामेही आवडीने रंगवली. सुमारे १६६० साली व्हर्मीरने दूध ओतणाऱ्या एका मोलकरणीचे चित्र काढले. ते जेमतेम ४५ सेंटीमीटर उंच आहे. आज ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

चित्रात डावीकडे खिडकी आहे. तिच्यातून आलेला उजेड बाईच्या कपाळावर, हातांवर आणि टेबलावरच्या पावावर पडतो. तिची नजर खाली, दुधाच्या धारेकडे आहे. सगळे चित्र शांत आहे. हलते ती फक्त ती बारीक पांढरी धार! खिडकीच्या तिरप्या रेषा मनाने पुढे वाढवून पाहा. त्या तिच्या उजव्या हाताजवळ एकत्र येतात. म्हणजे चित्रकार न बोलता सांगतो, ‘इकडे पाहा, काम करणाऱ्या या हाताकडे!’

आता मागची भिंत पाहा. ती जवळजवळ रिकामी आहे. तिच्यावर खिळे आणि खिळ्यांची भोके तेवढी दिसतात. २०२२ साली संशोधकांनी या चित्राची यंत्रांनी तपासणी केली. तेव्हा कळले, की बाईच्या डोक्यामागे आधी भांडी अडकवायची फळी होती. व्हर्मीरने ती रंगाखाली झाकून टाकली. काय दाखवावे याइतकेच काय गाळावे हेही चांगल्या चित्रकाराला कळते.

बाईच्या निळ्या एप्रनकडेही लक्ष द्या. हा रंग लाजवर्द दगडापासून बनवलेला आहे. लाजवर्द हा शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊक असेल. हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून युरोपात जात असे. त्याचा रंग फार महाग होता. असा मौल्यवान रंग व्हर्मीरने एका मोलकरणीच्या कपड्यासाठी वापरला!

राणीला मिळावा तो मान या चित्रात कष्ट करणाऱ्या बाईला मिळाला आहे. मित्रांनो, उद्या सकाळी आपल्या घरातही खिडकीतून उजेड येईल. तो कोणाच्या हातांवर पडतो, ते जरा थांबून पाहा.

शब्दार्थ
जेमतेम – कसेबसे, फार तर
गाळणे – वगळणे, सोडून देणे
मौल्यवान – फार किमती

स्वाध्याय
१. चित्रातील उजेड कोठून येतो व कशाकशावर पडतो?
२. व्हर्मीरने भिंतीवरची फळी का झाकली असावी?
३. आपल्या घरातील एखादे रोजचे काम पाहून त्याचे पाच वाक्यांत वर्णन करा.