गळ्यावरचे छिद्र बुजत नसेल तर

लहान मुलाला बरेच दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, किंवा श्वासाची वाटच अडली, तर गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवतात. ही ट्रॅकिऑस्टॉमी. पूर्वी घटसर्पाच्या मुलांना ती करावी लागे. नळी काढल्यावर छिद्र बहुधा आपोआप बुजते. पण नळी तान्हेपणी बसवून वर्ष-वर्ष राहिली, तर कातडी आत वाढून छिद्राला अस्तर धरते. टोचलेल्या कानाचे भोक राहते, तसेच हे.

मग खोकला आला की तिथून चिकटा येतो, आवाज क्षीण राहतो. पाण्याचे भय मोठे. आपल्याकडे पोरे उन्हाळ्यात विहिरीत उड्या मारतात. या मुलाला डोक्यावरून आंघोळही जपूनच घालावी. छिद्रात हळद, राख, तेल मुळीच भरू नये, ते थेट फुप्फुसात उतरते.

साधारण सहा महिने ते वर्षभर वाट पाहून शस्त्रक्रिया करतात. "डॉक्टर, दोन टाके घालून टाका ना!" असे पालक म्हणतात. पण वरची वाट अरुंद असेल तर मूल याच छिद्रावर श्वास घेत असते! म्हणून आधी दुर्बिणीने तपासणी हवीच. नंतर अस्तर काढून थरांनी शिवतात, किंवा न शिवता जखम भरू देतात. शिवल्यावर हवा कातडीखाली शिरू शकते. गळा फुगला, दाबल्यावर चुरचुरला तर त्याच पावली रुग्णालय गाठावे.

धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात आधी दाखवावे. नळी कधी बसवली, कधी काढली, ते कागद सोबत न्यावेत.