लहान समुद्रटाकीसाठी प्रोटीन स्किमरची निवड

पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की, लाटांनी वाळूवर आणून टाकलेला पिवळसर फेस आपल्या दृष्टीस पडतो. हा फेस केवळ मिठाच्या पाण्याचा नव्हे. सागरातील सूक्ष्म वनस्पती व जीव मेल्यावर त्यांच्या शरीरातील प्रथिनादी द्रव्ये पाण्यात मिसळतात. लाटांच्या खळबळीने पाण्यात हवा शिरते आणि ही द्रव्ये बुडबुड्यांना चिकटून पृष्ठभागावर येतात. काचेच्या टाकीत समुद्रातील मासे पाळणारे लोक हीच क्रिया एका उभ्या नळकांड्यात घडवून आणतात. त्या यंत्रास ‘प्रोटीन स्किमर’ म्हणतात. लहान टाकीसाठी ते कसे निवडावे, याचा विचार आपण येथे करू.

प्रथम त्याचे प्रयोजन पाहू. समुद्र अफाट असल्यामुळे तेथील घाण विरून जाते. टाकीतील घाणीला जाण्यास वाट नसते. माशांची विष्ठा व न खाल्लेले अन्न पाण्यात कुजते आणि त्यापासून अमोनिया तयार होतो. दगडांवर व वाळूत राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व पुढे नायट्रेट बनवितात. यांपैकी अमोनिया माशांस फार घातक असतो. स्किमर मात्र अमोनिया काढू शकत नाही, कारण तो बुडबुड्यास चिकटत नाही. प्रथिने कुजण्यापूर्वीच त्यांचा काही भाग बाहेर काढणे, एवढेच त्याचे काम. म्हणजे तो जीवाणूंचे ओझे हलके करतो. त्यांची जागा घेत नाही.

प्रथिनांच्या रेणूचा काही भाग पाण्याकडे ओढ घेतो, तर काही भाग पाणी टाळतो. त्यामुळे जेथे हवा व पाणी भेटतात, त्या सीमेवर हे रेणू गोळा होतात. ही सीमा जितकी विस्तृत, तितकी सफाई अधिक. येथे थोडे गणित करून पाहू. ४ मिलिमीटर व्यासाच्या एका बुडबुड्यातील हवेचे अर्धा मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले, तर ते ५१२ होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ आठपट भरते. शिवाय बारीक बुडबुडे सावकाश वर चढतात. म्हणून पाण्याशी त्यांचा सहवासही लांबतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे असे बारीक राहतात. गोड्या पाण्यात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून घरगुती गोड्या पाण्याच्या टाकीत हे यंत्र फारसे उपयोगी पडत नाही.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न, पाणी किती? ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच अशा टाकीचे घनफळ ९६ लिटर होते. परंतु टाकी काठोकाठ भरत नाहीत आणि वाळू व दगडही जागा घेतात. प्रत्यक्ष पाणी सुमारे ७५ लिटर धरावे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा: त्या पाण्यावर भार किती? खोक्यावर ‘२०० लिटरपर्यंत’ असे छापलेले असते. पण तो आकडा बनविणाऱ्याचा स्वतःचा अंदाज असतो आणि बहुधा उदार असतो. ७५ लिटर पाण्यात दोन लहान मासे ठेवले काय आणि पाच ठेवून त्यांना दिवसातून तीनदा खाऊ घातले काय, लिटर तेवढेच राहतात. घाण मात्र सारखी नसते. भार हलका असेल, तर प्रत्यक्ष पाण्याच्या दीडपट क्षमतेचे यंत्र पुरते. भार जड असेल, तर दुप्पट क्षमतेचे पाहावे. त्याहून फार मोठे घेण्यात शहाणपण नाही. रुंद गळ्यातून फेस वर चढण्यास पुरेशी घाण पाण्यात नसली, म्हणजे तो मध्येच फुटून खाली पडतो आणि वरची वाटी कोरडीच राहते.

तिसरा प्रश्न सोयीचा. टाकीखाली दुसरी टाकी ठेवण्यास जागा नसेल, तर काठाला अडकविण्याचा स्किमर घ्यावा. वाटी सहज निघते का, आवाज किती होतो, हे दुकानातच पाहावे. कारण वाटी व गळा वारंवार धुवावा लागतो आणि जे काम अवघड असते ते टळत जाते. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते का, हेही विचारावे. स्किमर पाण्यात हवा खेळवितो. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणून आपल्या हवेत तो बंद पडणे माशांना जाचते. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. नवे यंत्र पहिले काही दिवस नीट फेस देत नाही, आणि हाताच्या तेलकटपणानेही फेस बसतो. म्हणून लगेच त्यास दोष देऊ नये.

या यंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात केन फेल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली निरनिराळे स्किमर मोजमापाने तपासले. पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्साच त्यांनी बाहेर काढला. उरलेले काम जीवाणूंवर आणि पाणी बदलणाऱ्या हातांवर राहते. ७५ लिटरच्या टाकीतील साडेसात लिटर पाणी दर आठवड्यास बदलले आणि मासे दोनच ठेवले, तर स्किमरवाचूनही टाकी चांगली राहू शकते.

समुद्रातील शोभेचे अनेक मासे आजही प्रवाळांच्या खडकांतून पकडून आणलेले असतात. पाणी बिघडले म्हणून त्यांना दुसरीकडे जाता येत नाही. त्यांचे सारे जग आपण मोजलेल्या तेवढ्या लिटरांत असते. म्हणून आधी मासे किती ठेवायचे ते ठरवावे, मग पाणी मोजावे आणि शेवटी यंत्र निवडावे. योग्य यंत्र आपल्या ऐपतीबाहेरचे वाटले, तर मासे कमी करावेत. या हिशेबात कमी करता येण्याजोगी गोष्ट तीच आहे.