पोहण्याच्या तलावातील हिरवे पाणी : कारणे व उपाय

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल व उरण तालुक्यांतील शेतीचे स्वरूप हळूहळू पालटत गेले. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण आखले. अलीकडे शहरालगतच्या शेतावर पाहुण्यांसाठी पोहण्याचा लहान तलावही बांधला जातो. तलाव नवा असता मालकास पहिला धक्का बसतो तो पावसाळ्यात. काल स्वच्छ असलेले पाणी दोन-तीन दिवसांतच हिरवे होते. हा दोष केवळ दिसण्याचा नव्हे. तळ दिसत नसेल तर बुडणारे मूल काठावरून दिसत नाही. म्हणून असा तलाव तत्काळ बंद ठेवणे हे मालकाचे पहिले कर्तव्य होय.

कारणे

हिरवा रंग सूक्ष्म शेवाळामुळे येतो. ऊन, ऊब आणि नत्र व स्फुरद ही अन्नद्रव्ये मिळताच शेवाळ झपाट्याने वाढते. पावसाच्या लोंढ्याबरोबर खाचरातील खत, माती व पालापाचोळा तलावात येतो, तसेच पावसाच्या पाण्याने क्लोरीन विरळ होतो. त्यातच गाळणयंत्र बंद राहिले की शेवाळाचे फावते.

प्रथम पांढऱ्या भांड्यात पाणी घेऊन पाहावे. पाणी गढूळ हिरवे असल्यास शेवाळ समजावे. ते नितळ असूनही रंगीत दिसल्यास त्यात तांबे किंवा लोह असण्याचा संभव असतो. अशा वेळी क्लोरीन वाढवून उपयोग होत नाही. पाण्याचे पृथक्करण करून घ्यावे.

मात्रेचा हिशेब

लांबी, रुंदी व सरासरी खोली मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास १,००० ने गुणावे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी १.२५ मीटर खोल तलावात ४०,००० लिटर पाणी मावते. दर लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन देण्यासाठी त्यास ४०० ग्रॅम क्लोरीन लागेल. ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असल्यास सुमारे १,३३० ग्रॅम पावडर घ्यावी. कोकणच्या दमट हवेत उघडी पावडर लवकर निःसत्त्व होते, म्हणून ती ताजी व घट्ट बंद डब्यातील असावी.

कृती

१. पाने व काडीकचरा जाळीने काढावा. भिंती, पायऱ्या व कोपरे ब्रशाने घासावेत. भिंतीला चिकटलेल्या शेवाळापर्यंत औषध नीट पोहोचत नाही.

२. चाचणी संचाने सामू तपासावा व तो ७.२ ते ७.४ च्या दरम्यान आणावा. सामू ८ च्या वर गेल्यास क्लोरीनचा जोर बराच घटतो.

३. सायंकाळी प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात पावडर थोडी थोडी टाकावी. पावडरीवर पाणी ओतू नये. चुन्याचा साका खाली बसल्यावर वरची निवळी तलावात चोहीकडे पसरावी. उन्हाने क्लोरीन नष्ट होतो, म्हणून सायंकाळची वेळ योग्य.

४. गाळणयंत्र अहोरात्र चालू ठेवावे. त्यातील दाब वाढताच उलट प्रवाहाने ते धुवावे.

५. सकाळी पुन्हा चाचणी घ्यावी. क्लोरीन संपला असल्यास शेवाळ अद्याप जिवंत आहे असे समजून सायंकाळी पुन्हा मात्रा द्यावी.

६. पाणी हिरव्याचे दुधी करडे झाले म्हणजे शेवाळ मेले. ते बारीक कण गाळणयंत्रात अडकतात; न अडकल्यास तुरटीचे द्रावण पसरून, यंत्र बंद ठेवून, रात्रभर पाणी निवळू द्यावे. तळाचा गाळ शोषून थेट बाहेर काढावा. नंतर सामू पुन्हा तपासावा, कारण तुरटीने तो उतरतो.

सावधगिरी

ब्लीचिंग पावडर व आम्ल एकत्र मिसळू नयेत किंवा शेजारी साठवू नयेत. त्यांच्या संयोगाने विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. काम करताना हातमोजे व चष्मा वापरावा. मोरचूद टाकण्याचा मोह टाळावा. त्याने भिंतींवर डाग पडतात आणि ते पाणी ओढ्यात गेल्यास मासे मरतात. क्लोरीनयुक्त पाणीही मत्स्यतळ्यात, ओढ्यात किंवा भाताच्या रोपवाटिकेत सोडू नये. क्लोरीन नाहीसा झाल्याची चाचणीने खात्री करून घ्यावी. पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामाही करू नये. भोवतालच्या भूजलाच्या दाबाने रिकामी टाकी उचलली जाऊन तिला तडे जाण्याची भीती असते.

तलाव केव्हा उघडावा?

सर्वांत खोल भागातील तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे, मुक्त क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम व सामू ७.२ ते ७.८ असला पाहिजे. या तिन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच पाहुण्यांना पाण्यात उतरू द्यावे.

पुढे रोज चाचणी घ्यावी, गाळणयंत्र नियमित चालवावे आणि शेताचे पाणी आत येऊ नये म्हणून तलावाभोवती उंच काठ व चर ठेवावा. एवढी दक्षता घेणाऱ्या मालकास हिरव्या पाण्याशी पुन्हा झगडण्याचा प्रसंग क्वचितच येईल.