पूर्वतयारीचे वर्ष
आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना १९७३ पासून राखीव जागा आहेत. जेईई अॅडव्हान्सनंतरही त्या रिक्त राहिल्यास किमान गुणांची अट निम्म्यावर आणून वेगळी यादी लागते. त्या यादीतून निवडलेला विद्यार्थी वर्षभर गणित, भौतिक व रसायनशास्त्र शिकतो. उत्तीर्ण झाल्यास प्रवेशपरीक्षा पुन्हा न देता बी.टेक.च्या पहिल्या वर्षात जातो. ही खिरापत नव्हे, पुढील परीक्षा सर्वांना सारख्याच. तरीही ‘वर्ष वाया जाईल, लोक हसतील’ म्हणून चालून आलेली जागा नाकारणारे पालक आम्ही पाहिले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपून लंडनचा अभ्यास अर्धवट राहिलेले बाबासाहेब १९२० मध्ये तो पूर्ण करण्यास परत गेले, हे आम्ही अशा पालकांना सांगतो. आता मात्र निकालाची वाट न पाहता, बारावीच्या पहिल्याच पालकसभेत.