मुलाची दंतवैद्याशी पहिली भेट

दात दुखू लागल्यावाचून दंतवैद्याकडे जावयाचे नसते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. दुधाचे दात तर आज ना उद्या पडणारच. त्यांच्यासाठी दवाखान्याची पायरी कशाला चढावी, असेही पुष्कळ घरांत म्हटले जाते. त्यामुळे अनेक मुलांची दंतवैद्याशी पहिली ओळख होते ती वेदनेच्या क्षणी. रात्रभर रडलेले, गाल सुजलेले मूल अनोळखी खुर्चीवर बसविले जाते. आणि त्या दिवशी मनात बसलेली भीती प्रौढपणीही त्याला दवाखान्यापासून दूर ठेवू शकते. म्हणून पहिली भेट दुखणे येण्यापूर्वीच व्हावी.

दुधाच्या दातांचे कार्य

दुधाचे दात एकूण 20 असतात. पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतो व तिसऱ्या वर्षापर्यंत सर्व दात येतात. ते सहाव्या वर्षापासून पडू लागले, तरी शेवटची दुधाची दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास पडते. तोवर चर्वण व स्पष्ट उच्चार यांखेरीज आणखी एक काम हे दात करीत असतात: कायमच्या दातांची जागा ते राखून ठेवतात. दाढ अकाली गेल्यास शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात व नवा दात वाकडा येण्याचा संभव असतो. शिवाय या दातांवरील कठीण आवरण पातळ असल्याने कीड आतील नाजूक भागापर्यंत लवकर पोहोचते.

भेट केव्हा व कशी

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, मूल दंतवैद्याला दाखवावे. त्या वयात खुर्चीचीही गरज नसते. आई व दंतवैद्य गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते आणि मागे निजविले असता त्याचे डोके दंतवैद्याच्या मांडीवर येते. तपासणी काही मिनिटांत आटोपते. मूल थोडे रडले, तरी त्यात वावगे काही नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलाची मात्र पूर्वतयारी करावी लागते. घरी 'दात मोजण्याचा' खेळ खेळावा. बाहुलीचे दात मुलालाच तपासू द्यावेत. झोप व खाणे झालेले असेल अशी, शक्यतो सकाळची, वेळ निवडावी. अमेरिकन दंतवैद्य ॲडेलस्टन यांनी 1959 साली मांडलेली 'सांगा, दाखवा, मग करा' ही पद्धत आजही वापरली जाते. छोटा आरसा म्हणजे काय ते आधी सांगावयाचे, तो मुलाच्या बोटाला लावून दाखवावयाचा आणि नंतरच तोंडात घालावयाचा.

पालकांचे शब्द

"मुळीच दुखणार नाही" हे आश्वासन देऊ नये. दुखण्याची कल्पना मुलाच्या मनात त्यानेच येते. "ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असे म्हणून दंतवैद्याचा बागुलबुवा करणे तर त्याहून घातक. स्वतःचे कटू अनुभव मुलासमोर बोलू नयेत. "डॉक्टर तुझे दात पाहतील, मोजतील" एवढे खरे व साधे सांगणे पुरेसे आहे.

दंतवैद्याला मात्र सर्व माहिती मोकळेपणाने द्यावी: मुलाचे आजार, चालू औषधे, अंगठा चोखण्याची सवय, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणे. झोपेत लाळ कमी सुटते. अशा वेळी दातांवर साचलेल्या दुधातील साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात व वरचे पुढील दात प्रथम किडतात. दातांवर खडूसारखा पांढरा पट्टा दिसू लागला, तर ती किडीची पहिली खूण असू शकते. या अवस्थेत कीड थोपविता येते.

पहिला दात दिसताच मऊ ब्रशाने दिवसातून दोनदा दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते.

पहिल्या भेटीत उपचार बहुधा करावे लागत नाहीत, म्हणून ती व्यर्थ गेली असे मानू नये. पुढे कधी उपचारांची वेळ आलीच, तर मूल त्या वेळी ओळखीच्या माणसाकडे जात असते.