संकेतस्थळाच्या सर्व्हरसाठी कार्यप्रणालीची निवड

मालाचे भाव, मागणीच्या नोंदी आणि ग्राहकांची नावे-पत्ते आज पुष्कळ पेढ्या आपल्या संकेतस्थळावर ठेवीत आहेत. ते स्थळ ज्या संगणकावर वसते त्यास सर्व्हर म्हणतात. आणि त्या संगणकाचा सर्व कारभार जी पाहते ती कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम होय. गुदाम भाड्याने घेताना आपण छप्पर, कुलूप आणि कराराची मुदत पाहतो. सर्व्हर घेताना मात्र बहुधा मासिक भाडेच तेवढे पाहिले जाते. म्हणून या निवडीचे मुख्य निकष येथे क्रमाने मांडीत आहोत.

पहिला निकष कामाचा. आधी संकेतस्थळ कशावर रचले आहे ते विचारावे आणि मग प्रणाली ठरवावी. वर्डप्रेससारखी, पीएचपी व मायएसक्यूएल यांवर चालणारी स्थळे लिनक्सवर उत्तम चालतात. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर रचलेल्या स्थळास मात्र विंडोज सर्व्हर लागतो.

दुसरा निकष खर्चाचा. विंडोज सर्व्हरसाठी परवान्याचे मूल्य द्यावे लागते. लिनक्सच्या डेबियन, उबुंटू, अल्मालिनक्स आदी वितरणांस ते पडत नाही. परंतु मोफत प्रणालीसही सांभाळणारा जाणकार लागतोच. त्याचे वेतन हिशेबात धरावे.

तिसरा निकष मुदतीचा, आणि हाच सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. प्रणालीत दोष सापडत राहतात व निर्माते त्यांवर दुरुस्त्या देत राहतात. ही सेवा ठरावीक काळच मिळते. ती थांबल्यावर सर्व्हर बंद पडत नाही. तो पूर्ववत चालतो, पण नव्याने सापडलेला दोष उघडाच राहतो. कुलूप मोडले तरी दार लोटलेले दिसावे, तसा हा प्रकार आहे.

सेंटओएसचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ही मोफत प्रणाली सर्व्हर-व्यवसायात अत्यंत लोकप्रिय होती. तिची आठवी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली व तिला २०२९ पर्यंत सेवा मिळेल अशी अपेक्षा होती. परंतु डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी ती सेवा संपली. सातव्या आवृत्तीची सेवाही ३० जून २०२४ रोजी समाप्त झाली. अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही वितरणे ही उणीव भरून काढण्यासाठीच २०२१ मध्ये पुढे आली. उबुंटूची दीर्घ-सेवा आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे सर्वसाधारण सेवा मिळते; २०२४ ची आवृत्ती त्यामुळे २०२९ पर्यंत पुरते.

चौथा निकष माणसाचा. आपला तंत्रज्ञ ज्या प्रणालीत मुरलेला आहे, ती त्याच्या हाती अधिक सुरक्षित राहते. कागदावर श्रेष्ठ, पण गावात कोणासच न येणारी प्रणाली ऐन दिवाळीच्या मागणीत अडली, तर तिचे श्रेष्ठत्व कामास येत नाही.

तात्पर्य, करार करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात : प्रणालीचे नाव व आवृत्ती, सेवा संपण्याची तारीख, दुरुस्त्या कोण व केव्हा बसविणार, आणि नोंदींची प्रत अन्य ठिकाणी किती दिवसांनी ठेवली जाणार. यांपैकी सेवासमाप्तीची तारीख वहीत टिपून, तिच्या आधी एक वर्ष स्थलांतराची तयारी आरंभावी. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती हीही एक ठेवच आहे, आणि ठेवीच्या रक्षणाचे उत्तरदायित्व पेढीचेच असते.